उजव्या वळणावर क्वाड आपोआप रेस घेते: एका हाताने चालवायच्या गाडीत पुन्हा पुन्हा येणारा दोष

क्वाड म्हणजे शेतात चालवायची चार चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची गाडी, हिलाच एटीव्हीही म्हणतात. ही गाडी आण्णांची, ते ती एका हाताने चालवतात. आधी लक्षण सांगतो. गाडी सरळ चालताना काही तक्रार नाही. डावीकडे वळतानाही नाही. उजवीकडे हँडल निम्म्याच्या पुढं गेलं की इंजिन आपोआप रेस घेतं आणि गाडी नीट वळायच्या ऐवजी समोरच्या डाळिंबात घुसते. ॲक्सिलेटरची केबल बदलली की काही आठवडे बरं असतं, मग परत तेच. पाच महिन्यांत मी तीन केबल बदलल्या, एकदा कार्बोरेटर उघडून धुतला, एकदा त्यातल्या स्लाइडची, म्हणजे केबल ओढली की वर उचलून रेस वाढवणाऱ्या सरकत्या तुकड्याची, स्प्रिंग नवीन टाकली. दर वेळी गॅरेजमध्ये गाडी ठणठणीत. शेतावर गेली की काही दिवसांनी आण्णांचा फोन ठरलेला: "काय रे, परत रेस घ्यायलीय बघ."

शेवटी दोष सापडला. गेल्या मार्चपासून तो परत आलेला नाही. हात गमावलेल्या माणसासाठी कुणी एटीव्ही बदलून घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर त्यांच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आण्णांचा उजवा हात नाही, म्हणून खाली सगळीकडे डाव्या हाताचं आणि उजव्या वळणाचं बोलणं आहे. डावा हात नसलेल्या चालकाला हाच दोष डाव्या वळणावर येईल. मात्र त्याचं काम सोपं आहे, कारण ॲक्सिलेटर मुळातच उजवीकडं असतो, तो हलवावा लागत नाही.

आण्णा माझे मामेभाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मोहोळ तालुक्यात त्यांची डाळिंबाची बाग आहे. २०१८ साली कडबाकुट्टीत त्यांचा उजवा हात कोपराच्या वरून गेला. मोटरसायकल त्यांनी पुन्हा चालवून बघितली आणि सोडून दिली. नांगरटीत दुचाकी एका हाताने सांभाळता येत नाही, थांबताना तोल जातो आणि पडली तर उचलता येत नाही. क्वाड चार चाकांवर आपली आपण उभी राहते, हा एकच गुण त्यांना पुरेसा होता. बागेत झाडं १५ बाय १० फुटांवर आहेत, १५ फुटांच्या पट्ट्यात ही गाडी आरामात फिरते. ड्रिपच्या नळ्या बघणं, खताची पोती टाकणं, कामावरच्या बायकांना पाण्याचे कॅन पोचवणं, अशी दिवसभराची कामं ते तिच्यावर करतात. आठ वर्षांचा पुतण्या मागं बसायचा हट्ट धरतो. त्याला मात्र बसवायचं नाही, असं मी पहिल्या दिवशीच सांगितलंय. या गाडीचं सीट एकाच माणसाचं असतं.

गाडी सेकंडहँड, १२५ सीसी, सेमी-ऑटोमॅटिक. तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स, गिअर डाव्या पायात, हाताला क्लच नाही. गाडी घेतानाच हे बघा. हाताच्या क्लचची गाडी एका हाताच्या माणसासाठी घेऊच नका. पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर आणखी बरं. पुढं दोन्ही चाकांना केबलवर चालणारे ड्रम ब्रेक, मागं ऑइलचा डिस्क ब्रेक. मुळात उजव्या लिव्हरला पुढचे ड्रम होते, डाव्या लिव्हरची केबल मागच्या ब्रेकच्या पॅडलला गेली होती.

बदल केला तो असा. अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलेटर उजव्या बाजूचा काढून डाव्या बाजूला उलटा बसवला. डावा लिव्हर पॅडलपासून सोडवला आणि त्याला पुढच्या दोन्ही ड्रमच्या केबल दिल्या. मागचा ब्रेक फक्त उजव्या पायाला ठेवला. हा भाग मी पुन्हा करायचा झाला तरी असाच करीन. चारही चाकांचे ब्रेक एकाच लिव्हरवर आणा असं सांगणारे भेटतात, मला ते पटत नाही. एक केबल तुटली किंवा एक पाइप फुटला तर चारही चाकं मोकळी. हात आणि पाय वेगळे असले तर एक तरी ब्रेक शिल्लक राहतो.

पहिलं कारण: केबलची लांबी

यासाठीची तपासणी दहा मिनिटांची आहे. मागची चाकं जमिनीवरून उचलून गाडी भक्कम स्टँडवर घ्या, पुढची जमिनीवर राहू द्या. न्यूट्रल, इंजिन स्लोवर. गाडीवर कुणी बसू नका. ॲक्सिलेटरला बोटसुद्धा न लावता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. रेस वाढली तर दोष केबलचा, आधी तोच दुरुस्त करा.

होतं काय, तर हँडल उजवीकडं वळवलं की डावी मूठ पुढं जाते. आमच्या गाडीत ॲक्सिलेटरची डबी हँडलच्या मधल्या दांड्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर आहे. हँडल पूर्ण उजवीकडं गेलं की ती डबी १५ सेंटिमीटर पुढं सरकते. कार्बोरेटर मात्र मागं टाकीखाली जागचा हलत नाही. मूळ केबल उजव्या मुठीसाठी कापलेली, तीच डावीकडं फिरवून आणली की सरळ असताना पुरते आणि वळताना ताणते. ताण पहिल्यांदा येतो तो वरच्या काळ्या नळीवर, ज्याला आपण आउटर म्हणतो. आउटर ताणलं की ते कार्बोरेटरच्या टोपीवरच्या खोबणीतून बाहेर सरकतं, आणि आउटर दोन मिलिमीटर सरकलं म्हणजे आतली तार दोन मिलिमीटर ओढल्यासारखंच झालं. स्लाइड तेवढी उचलली तरी स्लोवरचं इंजिन लगेच रेस घेतं.

मी तीन वेळा दुकानातून तयार केबल आणली आणि तिन्ही वेळा ती मूळ मापाचीच होती. चौथी बनवून घेतली, १२ सेंटिमीटर जास्त लांबीची. ती दांड्याच्या पुढून एक सैल वळसा देऊन नेली. केबल हँडललाही बांधायची आणि फ्रेमलाही बांधायची, ही चूक करू नका. एका ठिकाणी बांधा, तीही अशी की ती पट्ट्यात मागंपुढं सरकेल. सायलेन्सरपासून लांब ठेवा. आणि सगळं झाल्यावर ॲक्सिलेटरच्या टोकाला तीन ते पाच मिलिमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे, हँडल कुठंही असलं तरी. मोकळी चाल फक्त सरळ हँडलवर मोजून लॉकनट आवळू नका, दोन्ही टोकांना मोजा.

आणखी एक बारीक गोष्ट. डबी उलटी बसवल्यामुळं आमच्या गाडीत केबलचं तोंड वर आलं. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, ती त्या तोंडातून आत जाते आणि लिव्हर सोडल्यावर सावकाश परततो. त्यावर रबरी टोपी बसवा. जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरून ठेवतं आणि महिन्यात त्याची खळ होते. लिव्हर सोडला की टक् असा आवाज येऊन परत आला पाहिजे. तो आवाज आला नाही, तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

केबल बरोबर, तरीही रेस

चौथ्या केबलनंतर स्टँडवर हँडल कितीही फिरवलं तरी इंजिनचा आवाज एका लयीत होता. मी निर्धास्त झालो. नवव्या दिवशी फोन आला.

या वेळी गाडी गॅरेजला आणू दिली नाही, मीच बागेत गेलो. विहिरीजवळ एक अवघड उजवं वळण आहे, तिथं बांधावर बसून बघत राहिलो. आण्णा चार वेळा वळले, चारही वेळा रेस वाढली. मग मी गाडीवर बसून वळलो, तर एकदाही नाही. पुन्हा ते बसले, पुन्हा रेस.

इंजिन बंद करायला सांगितलं. खिशात खडू होता, त्याने ॲक्सिलेटरच्या लिव्हरवर आणि डबीवर एकच सरळ रेघ ओढली. म्हणालो, "आण्णा, इंजिन बंदच राहू द्या, फक्त हँडल उजवीकडं वळवा." मऊ जमीन, गाडी उभी, हँडल जड. त्यांनी जोर लावला. रेघेचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यात बोटभर अंतर पडलं. त्यांच्या अंगठ्याचं नख दाबाने पांढरं झालं होतं. त्यांना स्वतःला वाटत होतं की अंगठा लिव्हरवर नुसता टेकलाय.

डाव्या हाताने उजवीकडं वळायचं म्हणजे मूठ पुढं ढकलायची. ॲक्सिलेटरही अंगठ्याने पुढंच ढकलायचा असतो. दोन्ही कामांची दिशा एक, दोन्ही कामं एकाच तळव्याची. जोर लावताना आख्खा पंजा पुढं जातो, त्यात अंगठाही जातो. डावीकडं वळताना मूठ मागं ओढायची असते, तेव्हा अंगठा आपोआप सैल पडतो, म्हणून डावीकडं कधीच तक्रार नव्हती. आणि मागचा धुरा या गाडीत सलग असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळं वळणात रेस वाढली की मागची चाकं गाडीला सरळ पुढं लोटतात. डाळिंबात घुसायचं कारण हे.

मला हे पाच महिने का कळलं नाही? गाडी तपासणारा मी दोन हातांचा. मी उजवीकडं वळताना उजव्या हाताने ओढत होतो, डावा नुसता बरोबर जात होता, अंगठा मोकळा. दोष माझ्या हाताखाली कधी येणारच नव्हता. तेव्हापासून नियम केलाय: अशा गाडीची चाचणी फक्त ज्याची गाडी आहे त्याने घ्यायची, आणि मेकॅनिकने बाजूला उभं राहून बघायचं. अगदीच तो माणूस हजर नसेल तर आपला एक हात कमरेच्या पट्ट्यात अडकवून बघा. तरीही तंतोतंत तसं होत नाही, पण अंदाज येतो.

राहिला प्रश्न, केबल बदलल्यावर काही आठवडे बरं का वाटायचं. त्याचं उत्तर वहिनींच्या वहीत मिळालं. त्या बागेचा खर्च रोज लिहितात. माझे गॅरेजचे पैसे आणि रोटाव्हेटरचं भाडं यांच्या तारखा जुळवल्या, तर पाचपैकी चार फोन बागेत रोटाव्हेटर फिरल्यानंतरच्या आठवड्यातले. जमीन मऊ झाली की चाक रुततं, हँडल जड होतं, ढकलायला जोर लागतो आणि अंगठा आत जातो. जमीन बसून टणक झाली की हँडल हलकं आणि गाडी शहाणी. मी मधल्या काळात केबल बदलून आपलं समाधान करून घेत होतो.

त्या हातावरचा भार कमी करणं

आण्णांचा डावा हात गाडीवर चार कामं करत होता: हँडल वळवणं, ॲक्सिलेटर, पुढचा ब्रेक, आणि खड्ड्यात अंग धरून ठेवणं. चौथं काम कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सगळ्यात जास्त जोर त्यालाच लागतो. दोन हातांचा माणूस दोन्ही मुठी धरून स्वतःला सावरतो. एका हाताचा माणूस धक्क्याला त्याच हँडलला लोंबकळतो, जे त्याला सरळ ठेवायचंय. म्हणून पहिली दुरुस्ती सीटपासून केली.

सीटच्या मागं चार बोटं उंचीचा टेकू आणि उजव्या मांडीच्या बाहेरून एक गादीची पट्टी, एवढंच. किती जाड लागेल हे वेल्डिंग करण्याआधी ठरवायचं होतं, तर वहिनींनी घरातली जुनी सोलापुरी चादर आणून दिली. ती घडी करून मांडीच्या बाजूला बांधली. दोन घड्यांत आण्णा घसरत होते, सहा घड्यांत अवघडत होते, चार घड्यांत बरोबर बसले. तेच माप धरून फोम कापला. टेकू उंच करू नका. गाडी कलंडायला लागली तर माणूस बाजूला किंवा मागं मोकळा सुटला पाहिजे. याच कारणाने चालकाला सीटला पट्ट्याने बांधू नका. वर पिंजरा नसलेल्या गाडीत बांधलेला माणूस गाडीखालीच राहतो. कृत्रिम हात हँडलला पक्का अडकवायचा विचारही करू नका. ज्यांना तो वापरायचा असेल त्यांनी ओढ बसताच सुटणारी खोबणीच वापरावी.

पावलं ठेवायच्या जागीही जाळीदार पत्रा लावला, बूट घसरत नाही. अंगाचा भार पाय, मांड्या आणि पाठीवर गेला तसा हात एकदम सैल पडला. नुसत्या एवढ्याने निम्मा दोष गेला.

मग हँडल. दीड इंचाचे ठोकळे टाकून उंच केलं आणि थोडं मागं वळवलं. आधी आण्णांचा हात पूर्ण लांबवलेला असायचा, आता कोपर वाकलेलं राहतं आणि ढकलायचा जोर खांद्यातून येतो.

त्यानंतर ॲक्सिलेटरची डबी. ती हँडलच्या नळीवर फिरवून लिव्हर वरच्या अंगाला आणला, साधारण ४५ अंश. आता अंगठा खाली-पुढं दाबावा लागतो. ढकलायची दिशा वेगळी, रेसची दिशा वेगळी. पूर्ण ९० अंश फिरवून बघितलं होतं, म्हणजे अंगठा सरळ खाली. त्यात खड्ड्यात अंग खाली आदळलं की अंगठाही आदळत होता. ४५ वर दोन्ही बाजूंनी निभावलं. तुमच्या माणसाचा हात वेगळा असेल, तेव्हा क्लॅम्प अर्धवट आवळून चार-पाच जागा बघा आणि खडूची रेघ प्रत्येक वेळी ओढा.

आणि शेवटचा, मला सगळ्यात आवडलेला भाग: पंज्याचा टेकू. एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारा एक टर्नर माझ्या ओळखीचा आहे. त्याला अडचण सांगितली, तर त्याने आण्णांना बोलावून घेतलं, त्यांचा हात मुठीवर ठेवायला लावला, तळव्याची जाडी कॅलिपरने मोजली आणि नायलॉनच्या ठोकळ्यातून घोड्याच्या नालेसारखा एक तुकडा काढला. तो मुठीच्या मागच्या बाजूला क्लॅम्पने बसतो. वळवताना तळव्याचं मनगटाजवळचं मांस त्याच्यावर टेकतं आणि जोर तिथून जातो. बोटं आणि अंगठा नुसते मुठीवर पडलेले. कडा त्याने पॉलिश करून इतक्या गुळगुळीत केल्यात की उन्हाळ्यात घामेजल्या हातालाही कुठं टोचत नाही. टेकू उघडा आहे, हात मागं घेतला की लगेच सुटतो.

या सगळ्यानंतर खडूची रेघ मऊ रानात, पूर्ण उजव्या वळणावरही एक राहिली.

कुणी म्हणेल, अंगठ्याच्या ऐवजी मोटरसायकलसारखी पिळायची मूठ बसवा. एका हाताच्या चालकाला मी ती देणार नाही. गाडीने पुढं झेप घेतली की अंग मागं जातं, मनगट मागं वळतं आणि रेस आणखी वाढते. सावरायला दुसरा हात नाही.

हँडल जड का होतं, तेही बघा

टायरची हवा. एटीव्हीचे टायर फार कमी हवेवर चालतात. आमच्या टायरवर ५ पीएसआय छापलंय. पंक्चरवाल्याकडचा मोठा गेज या आकड्याला कामाचा नाही, त्याचा काटा तिथं हललाच तर अंदाजाने हलतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि सकाळी, गाडी उन्हात जाण्याआधी मोजा. आमच्या गाडीत एकदा पुढं डावीकडं ५ आणि उजवीकडं ३ निघाले. दोन हातांच्या माणसाला हे जाणवतही नाही. आण्णांना दिवसभर उजवीकडची ओढ सहन करत गाडी सरळ धरावी लागली होती आणि संध्याकाळी खांदा धरून बसले होते.

मागच्या कॅरिअरवर २० लिटरचे दोन कॅन ठेवले की पुढची चाकं हलकी होतात आणि हँडल भरकटतं. वजन अर्धं पुढच्या कॅरिअरवर. टाय रॉड, म्हणजे हँडलचं वळण पुढच्या चाकांना पोचवणारे दांडे, दगडाला लागून वाकतात, ते सरळ आहेत का ते वाकून डोळ्याने बघा, आणि हँडलच्या दांड्याच्या बुशना ग्रीस द्या.

ब्रेक दाबला की हँडल हिसकतं

हा वेगळा दोष, पण याच गाड्यांत हमखास येतो. पुढचे दोन ड्रम दोन केबलवर असतात. एक केबल जास्त आवळलेली असेल तर ते चाक आधी धरतं आणि हँडल त्या बाजूला ओढलं जातं. एका हाताने ब्रेकही दाबायचा आणि त्याच हाताने ती ओढही थोपवायची, हे होत नाही.

पुढची चाकं उचला. एकाने लिव्हर अगदी सावकाश दाबायचा, दुसऱ्याने दोन्ही चाकं हाताने फिरवत राहायची. दोन्ही एकाच क्षणी घासायला लागली पाहिजेत. जे आधी धरतं त्याचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. नुसती केबलची लांबी सारखी करून भागत नाही, कारण एका ड्रमचे शूज जास्त झिजलेले असू शकतात. दोन केबल एका लिव्हरला थेट न जोडता मध्ये झुलती पट्टी टाकली तर दोन्हींना ताण आपोआप सारखा मिळतो. आम्ही पाच मिलिमीटरच्या पट्टीला तीन भोकं पाडून ती बनवली. पुढच्या ब्रेकने गाडी हळू करायची आणि पायाने थांबवायची, ही सवय आण्णांना लावायला मात्र पंधरा दिवस गेले.

इंजिन बंद करणं

किल स्विच बहुतेक गाड्यांत डाव्या मुठीजवळच असतो, त्यामुळं तो हलवायचा नाही असं वाटतं. पण ॲक्सिलेटरची डबी डावीकडं आली की स्विचचा जोड दोन इंच आत सरकतो आणि अंगठा तिथं पोचत नाही. मूठ सोडून स्विच दाबायचा, तर त्या क्षणी हँडल कुणाच्याच हातात नाही. म्हणून दोरीचा किल स्विच बसवा. क्लिप कमरेच्या पट्ट्याला लावायची. माणूस सीटवरून सरकला की दोरी निसटून इंजिन बंद. आमच्याकडं ही दोरी लावल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि हा सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांतून ओवायचा असेल तर एका हाताला फार त्रास होतो, टक्कन बसणाऱ्या क्लिपचं हेल्मेट घ्या. रिव्हर्सचा खटका आमच्या गाडीत टाकीच्या उजवीकडं आहे. तो टाकताना डावा हात हँडल सोडून पलीकडं जातो, म्हणून आधी पायाचा ब्रेक पूर्ण दाबायचा, मगच खटका.

गाडी शेतातच चालवायची. आण्णांच्या दोन तुकड्यांच्या मध्ये पुणे-सोलापूर हायवे आहे. पलीकडं जायचं असेल तर ते गाडी ट्रॉलीत चढवून नेतात. नोंदणी नसलेली क्वाड सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाची व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीने १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आली आहे आणि बदलाची परवानगी कलम ५२ खाली मिळते. पण ती वाट मुळात नोंदणी होणाऱ्या वाहनांची आहे. रस्त्यावर फिरायची गरज असेल तर तशी गाडी घेऊन आरटीओत आधी विचारा, नंतर वेल्डिंग करा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात काळी माती पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला गोळा होऊन रिमला घासते, हँडल पुन्हा जड होतं आणि खडूची रेघ थोडी सरकायला लागते. मडगार्ड तीन इंच वर उचलून बघितलं, चाकाजवळ खरवडणी पत्रा लावून बघितला. पत्र्याने फरक पडला, पण दगड अडकला तर तो चाक अडवेल म्हणून काढून टाकला. सध्या आण्णा पाऊस पडला की दोन दिवस वाफसा यायची वाट बघतात, आणि मी पत्र्याच्या जागी जाड रबराची पट्टी लावून बघतोय. जमलं तर मापासह इथंच लिहीन.